पालथ्या बरणीचा कातळ

वेसवणच्या खाडीत उतरलं की डाव्या हाताला एक सपाट काळा कातळ दिसतो. त्याच्या मधोमध बरणीच्या बुडाएवढा गोल खळगा आहे. पाहुणे आले की दाजी तांडेल त्यांना आधी तिथेच नेतात आणि गोमतीची गोष्ट सांगतात.

फार जुनी गोष्ट, म्हणे. गोमतीची तान्ही शेवंता तापातून उठली, पण अंग काही धरेना. वैद्यांनी दुधात खजूर द्यायला सांगितलं. खजूर यायचा मस्कतच्या गलबतातून, तोंड लाखेनं बंद केलेल्या बरणीत. गोमतीनं पायातले तोडे दिले, बरणी घरी आणली. वर चार बोटं खजूर, खाली सगळी वाळू! धावत किनारी आली तर गलबताचं शीडही दिसेना.

"तळ बघितलास काय गो?" सासू भागीरथी म्हणाली. पोरगी गोमतीच्या मांडीवर किरकिरत होती.

महिन्यानं दुसरं गलबत आलं. गोमतीच्या हातात आता एकच चांदीचं कडं उरलं होतं. ते गेलं की संपलं. रात्रंदिवस तिच्या जिवाला तोच घोर. मग तिनं कडं काढून कातळाच्या एका टोकाला ठेवलं आणि त्या गलबताच्या सालेम नाखव्याला म्हणाली, "बरणी त्या टोकाला ठेवा, भाऊ. पालथी करून बघू. खजूर निघाला तर कडं तुमचं. तोवर कड्याला कुणी हात लावायचा नाही."

"खजूर घेतेस की सोयरीक जुळवतेस?" सासू पुटपुटली.

नाखव्याला राग आला. "मी चोर दिसतो?"

"तुम्ही नाही हो. पण बरणीच्या पोटात तुम्ही तरी कुठे शिरलाय?"

नाखवा हसला. लाख फोडून त्यानं बरणी पालथी केली. भसकन वाळू पडली! त्याचा चेहरा उतरला. त्यानंही ती बंदच विकत घेतली होती. त्यानं एकेक बरणी आणून त्याच जागी आपटली. असं सांगतात, की भरती कातळाच्या कडेपर्यंत आली आणि तिथेच थबकली. सातव्या बरणीतून तळापर्यंत खजूर निघाला, तेव्हाच पाणी पुढे सरकलं. आपटून आपटून खळगा पडला तो हाच.

नाखव्यानं शपथ घेतली, या कातळावर पालथी केल्याशिवाय माझी बरणी कुणाच्या घरी जाणार नाही. कडं तो घेईना. गोमतीनं बळेच त्याच्या हातात दिलं. शेवंता महिन्याभरात अंगणभर रांगायला लागली.

आजही वेसवणात परदेशातून काही मागवलं की पार्सल आधी कातळावर येतं. पैसे एका टोकाला दगडाखाली, खोका दुसऱ्या टोकाला. पार्सलवाला थांबतो, सुना मोबाईल उभा करून शूटिंग लावतात, मग खोका फोडतात. आत खेळणं असो की चप्पल, घरी पोचताच दारातून सासूची हाक ठरलेली:

"तळ बघितलास काय गो?"