हवेत धरलेला बांबू

एकदा एक वृद्ध आचार्य नदीकडे पाठ करून हवा मोजत होते, आणि काठावर जमलेले सारे गाव त्यांना हसत होते. हसण्याजोगेच दृश्य होते ते. मोजायची होती नदी, आणि आचार्यांनी शिष्याच्या हाती बांबू देऊन त्याला ओहळावर अधांतरी धरायला लावले होते. ‘म्हातारपणी बुद्धी नाठी’ असे कुणी पुटपुटलेही. पण ही गोष्ट मी अभिमानाने सांगणार आहे, तेव्हा हसणाऱ्यांनी थोडा धीर धरावा.

त्या गावाचा अर्धा जीव पलीकडच्या काठावर होता. बाजार पलीकडे, वैद्य पलीकडे आणि मुख्य म्हणजे सुईण पलीकडे. दोन्ही काठांवरच्या झाडांना एक जाड दोर ताणून बांधलेला असे. त्यात लोखंडी कडी अडकवून नाव इकडून तिकडे ओढून नेत. गेल्या पावसाळ्यात तो दोर कुजून तुटला. त्याच आठवड्यात दोर वळणाऱ्या तान्हूबाईची थोरली सून बाळंतपणात अडली. सुईण पलीकडे हात चोळत उभी राहिली, आणि इकडे सून गेली. आता धाकट्या सुनेचे दिवस श्रावणात भरत होते, आणि पावसाच्या आत नवा दोर व्हायला हवा होता.

एका व्यापाऱ्याने कोकणातून काथ्याचे भारे आणून गावाला देऊ केले. माणूस दिलदार, पण व्यवहार जाणणारा. तो म्हणाला, “पुरला तर तुमचा. अपुरा पडणार असेल तर खालच्या गावाला देतो, त्यांचे पात्र अरुंद आहे. अर्धा दोर कुणाच्याच कामाचा नाही.” त्याचे बरोबर होते. नावेचा दोर अखंडच वळावा लागतो, कारण सांध्यावर कडी अडकली की भर धारेत नाव आडवी होते. आणि एकदा पाऊस लागला की घाट बंद, मग नवा काथ्या कुठून यायचा?

म्हणजे वळायला बसण्याआधी नदीची रुंदी कळायला हवी होती. पोहणाऱ्यांच्या कमरेला सुतळी बांधून पाहिली, तर धारेने ती वाकवली; ताणायला गेले तर तुटली. तेव्हा गावाने आचार्यांना गळ घातली, आणि आचार्यांनी आपल्या शिष्याला पुढे केले.

शिष्य हुशार होता. गणितात त्याचा हात धरणारे त्या पंचक्रोशीत कोणी नव्हते, आणि ही गोष्ट त्याला स्वतःलाही ठाऊक होती. अलीकडे एक उंबर होता, पलीकडे त्याच्या अगदी समोर अर्जुनाचे झाड. याच दोन झाडांना दोर बांधायचा होता. शिष्याने एक चौरस फडके कोपऱ्यावर कोपरा ठेवून दुमडले आणि गावकऱ्यांना दाखवले. “हा त्रिकोण बघा. याच्या काटकोनाच्या दोन्ही बाजू सारख्या. मी उंबरापासून, त्या दोन झाडांना जोडणाऱ्या रेषेशी काटकोन करून, या काठाने सरळ चालत जाईन. जिथून पलीकडचे झाड मला या तिरप्या बाजूच्या रेषेत दिसेल, तिथे थांबेन. मग जेवढा मी उंबरापासून दूर, तेवढीच नदी रुंद.”

लोक थक्क झाले. पाण्यात पाय न घालता नदी मोजायची! खरे तर यात नवल नव्हते. सुतार छपराला उतार देतो, गवंडी जिना बांधतो, ज्योतिषी सूर्याची उंची काढतो, ते याच त्रिकोणाच्या विद्येच्या बळावर. आपल्या पूर्वजांनी धनुष्याच्या दोरीवरून या विद्येतल्या एका मापाला ‘ज्या’ असे नाव दिले, इतकी ती या मातीत मुरलेली आहे. शिष्य चालत गेला, योग्य जागी थांबला आणि सुतळीने अंतर मोजून त्याने आकडा सांगितला.

तान्हूबाईने आकडा ऐकला, काथ्याचे भारे हाताने चाचपले आणि ती मटकन खाली बसली. “न्हाई पुरायचा, पोरा. दोराला झोळ लागतो, बुंध्याला येढं लागत्यात. न्हाई पुरायचा.”

व्यापाऱ्याने बैलांना पाणी दाखवायला सांगितले. सकाळी निघायचे ठरले.

आचार्य मात्र त्या सकाळी सर्वांच्या आधी काठावर हजर होते. त्यांच्याजवळ एक सरळ बांबू होता, पाण्याने भरलेली परात होती आणि दोऱ्याला बांधलेला दगड होता. त्यांनी बांबू शिष्याच्या हाती दिला आणि म्हणाले, “उंबरापासून पुन्हा मोज.”

शिष्य दुखावला. “आचार्य, माझा कोन चुकलेला नाही.”

“कोन चुकलेला नाही,” आचार्य म्हणाले. “मोज.”

सपाट जमिनीवर मोजणी भराभर झाली. पुढे वाटेत एक खोल ओहळ नदीला येऊन मिळत होता. शिष्याने बांबू ओहळाच्या उतारावर टेकवला. आचार्यांनी बांबूचे टोक उचलून वर धरले, परातीतल्या पाण्याशी डोळा लावून तो आडवा केला, आणि टोकापासून दगड खाली सोडला. जिथे दगड टेकला, तिथे खूण. शिष्याने पुन्हा बांबू उतारावर ठेवला. आचार्यांनी तो पुन्हा उचलला. एव्हाना बघे जमले होते आणि हसू लागले होते. कुणी ओरडले, “आचार्य, हवा किती भरली?”

तिसऱ्या वेळी शिष्याने बांबू आपणहून वर धरला. धरला आणि तसाच उभा राहिला. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

“मी ओहळात उतरलो आणि चढलो,” तो हळूच म्हणाला. “सुतळी जमिनीला लावून नेली. उतार आणि चढ दोन्ही मी अंतरात धरले.”

आचार्यांनी मान डोलावली. “नदीला तुझ्या ओहळाशी काय देणेघेणे? त्रिकोणाची बाजू सरळ असते, ती खड्ड्यात उतरत नाही. तू उतरलास, चढलास, घामाघूम झालास. ते तुझे श्रम होते, अंतर नव्हते. माणसाची हीच खोड आहे, बाळ. आपले चढउतार तो मापात धरतो, आणि मग पलीकडचा काठ त्याला आहे त्याहून दूर वाटतो.”

शिष्याने उरलेली मोजणी एकट्याने केली. नवा आकडा पहिल्याहून चांगलाच कमी आला. तान्हूबाईने त्यात झोळ आणि वेढे धरले, भाऱ्यांकडे पाहिले आणि म्हणाली, “पुरंल. पर काठावर पुरंल.”

व्यापारी पुढे झाला. “क्षमा करा आचार्य, पण पहिला आकडा याचाच होता ना? हाही चुकला तर सारा काथ्या मातीत गेला. तुम्ही स्वतः एकदा मोजा, मग मी भारे सोडतो.”

“मी मोजणार नाही,” आचार्य म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ताठ होता. “ज्याला आपली चूक नेमकी कुठे झाली हे कळले, त्याच्या आकड्यावर माझा माझ्या आकड्याइतकाच विश्वास आहे.”

व्यापारी घुटमळला. तेव्हा तान्हूबाईच उठली आणि तिने पहिला भारा सोडला. “म्या वळते,” ती म्हणाली. “सून माजी हाय.”

दोर तीन पदरी वळला गेला. ज्या दिवशी तो पार न्यायचा होता, त्या दिवशी दोन्ही काठांवर माणूस मावत नव्हता. पोहणाऱ्यांनी टोक पलीकडे नेले, पलीकडच्यांनी ते अर्जुनाला पक्के केले. अलीकडे सारा गाव दोराला लागला. दोर पाण्यातून वर उठला, थरथरला, ताठ झाला. तान्हूबाईने उंबराला पहिला वेढा घातला, दुसरा घातला. तिसराही बसला, गाठ पडली, आणि वीतभर टोक उरले.

केवढा जल्लोष झाला! तेव्हा हसणारेच आज शिष्याला खांद्यावर घ्यायला धावले. पहिल्या नावेतून सुईण आली आणि थेट तान्हूबाईच्या घरी धाकटीला तपासायला गेली. तान्हूबाई शिष्याला म्हणाली, “पोर जल्मलं की पयलं तुज्या मांडीवर घालीन.”

गर्दी पांगल्यावर शिष्य आचार्यांपाशी आला. “आचार्य, तुम्ही आकडा एकदाही पडताळला नाहीत. तो चुकला असता तर?”

“तर गावाने जाब मला विचारला असता, तुला नव्हे,” आचार्य म्हणाले. “नाहीतर गुरू कशाला असतो?”

शिष्य आचार्यांच्या शेजारी बसला, आणि दोघे नाव पुन्हा पलीकडे जाताना पाहत राहिले.