ठकीच्या गालावरची तीट

एका राज्यात दसऱ्याला घरोघरी लाकडाची बाहुली, म्हणजे ठकी, बसवीत. सुताराच्या हातून उतरलेली ठकी म्हणजे नुसते लाकूड. डोळे रेखायचे घरच्या बायकांनी, नथ घालायची त्यांनी, आणि सर्वांत शेवटी घरधनिणीने आपल्या बोटाने तिच्या डाव्या गालावर काजळाची तीट लावायची. तीट लागली की ठकी त्या घरची झाली. मग वर्षभराची दृष्ट ठकीने झेलावी आणि लेकींनी सुखाने नांदावे, अशी रीत होती.

राजा वज्रसेनाला ही रीत गावंढळ वाटे. त्याला डाग म्हणून खपत नसे. त्याच्या दरबारी मायाधर नावाचा मांत्रिक होता. त्याने फुंकर घातली आणि हजार ठक्या उभ्या राहिल्या. साऱ्या एकसारख्या, गुळगुळीत, चेहऱ्यावर रेघसुद्धा नाही. राजा खूश झाला. दवंडी पिटली : "घरोघरी हीच ठकी बसेल. जी बोट लावील तिचे बोट छाटू."

दसरा उजाडला आणि घरोघरच्या लेकी जागच्या जागी लाकूड झाल्या. दृष्टीला ठकीच्या गालावर जागा मिळाली नाही, ती लेकींवर उतरली. राजाची कन्याही सुटली नाही. मायाधर मात्र दिवसागणिक तरुण दिसू लागला.

सुतारआळीतल्या म्हाळसेची शेवंता फुले ओवता ओवता लाकूड झाली होती. म्हाळसेने लेकीला पाठुंगळी बांधले, ठकी काखेत मारली आणि ती राजवाड्याच्या अंगणात येऊन बसली. मागोमाग गावच्या साऱ्या बायका आपापल्या ठक्या घेऊन आल्या.

"महाराज, या ठकीला मी हात लावणार," म्हाळसा म्हणाली. "बोट छाटायचे ते नंतर छाटा."

मायाधर हसला. "लाव की! पण कुंचला, सोने आणि काजळ माझ्या कुलपात आहे. सूर्य मावळायच्या आत ठकी पुरी झाली तर लेक तुझी. नाही तर बोट माझे."

"कबूल."

म्हाळसेने आपल्या वेणीची बट कापली, कडब्याच्या काडीला बांधली आणि धोब्याच्या निळीत बुडवून डोळे रेखले. ठकीला निळे डोळे आले. मग ज्वारीचे तीन दाणे दोऱ्यात ओवून तिने नथ घातली. ती करील तसे बाकीच्या बायकाही मुकाट्याने करीत होत्या.

राहिली तीट. म्हाळसा चूल न् चूल धुंडाळून आली, पण मायाधराने वारा सोडून साऱ्या राज्यातली काजळी उडवून नेली होती. सूर्य टेकायला आला. तेव्हा मांत्रिकाच्या पिंजऱ्यातली साळुंकी बोलली :

"काखेत कळसा आणि गावाला वळसा! लेकीला तीट लावायला तू कधी डबी उघडली होतीस, बाई?"

म्हाळसा थबकली. लेक लाकूड झाल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. रडली असती तर डोळ्यांतले काजळ केव्हाच वाहून गेले असते. तिने डोळ्याच्या कडेला बोट लावले आणि ते ठकीच्या डाव्या गालावर टेकवले.

"आई, उतरव ना मला," पाठीवरून शेवंता म्हणाली.

"छाटा त्या बाईचे बोट!" मायाधर ओरडला.

अंगणातल्या साऱ्या बायकांनी बोटे डोळ्यांना लावली. शिपायांनी राजाकडे पाहिले. तोच राजाशेजारी बसलेली राणी सिंहासनावरून उठली. "आधी माझे छाटा," ती म्हणाली आणि राजवाड्यातल्या ठकीला तिने तीट लावली. मग हजार बोटे हजार गालांवर टेकली. लेकी जाग्या झाल्या. मायाधर मात्र होता तिथेच लाकूड झाला, गुळगुळीत आणि बिनचेहऱ्याचा. पिंजऱ्याचे दार आपसूक उघडले आणि साळुंकी उडाली ती त्याच्याच डोक्यावर जाऊन बसली.

राजा खाली उतरला. "म्हाळसाबाई, काय हवे ते मागा."

"वाका जरा, महाराज."

राजा वाकला. म्हाळसेने त्याच्या डाव्या गालावर काळे बोट टेकवले. "आता तुम्ही आमच्या घरचे झालात."

राजाने ती तीट पुसली नाही. ही गोष्ट लिहिता लिहिता माझ्याही कागदावर शाईचा एक ठिपका पडला आहे. तो मीही तसाच ठेवला आहे.