साळू कणसं का सोलते

प्राणी स्वतः शेती करायचे तेव्हाची गोष्ट. जंगलात कीड न लागणारा नवा पिवळा मका आला. सिंह म्हणाला, "बियाणं तपासायचा अधिकार माझा. पेरायचं की नाही, ते ज्या त्या खोऱ्यानं ठरवावं." अधिकार वाटून दिले म्हणून सगळ्यांनी त्याचा जयजयकार केला.

ओढ्याअलीकडच्या खोऱ्याची कारभारीण होती काटेरी साळू. तिनं सभा भरवून ठरवलं, "आपला पांढरा मकाच बरा. नवा नको." पलीकडच्या रानडुकरानं मात्र पिवळा पेरला.

तुरे आले, वारा सुटला, पलीकडचे पराग अलीकडे उडून आले. महिन्याभरानं साळूनं कणीस सोललं, तर पांढऱ्यात पिवळे दाणे!

"मी माझ्या हद्दीत पेरलं, बाई," रानडुक्कर म्हणालं. "वारा काय माझ्या ताब्यात आहे?"

साळू ते कणीस घेऊन सिंहाकडे गेली.

"बियाण्यात दोष नाही," सिंह म्हणाला. "पेरणीचा निर्णय तर तुमचाच होता."

"आम्ही नको म्हणालो होतो, महाराज!"

"हो ना! आणि तुमच्या निर्णयाचा आम्ही पूर्ण मान राखला."

आजही साळू मक्यात शिरते, एकेक कणीस सोलते आणि टाकून देते. लोक म्हणतात, नासधूस करते. ती बियाण्यासाठी एक पांढरं कणीस शोधत असते.