हौसाच्या कुंपणावरची संक्रांतवेल

गाव कोणतं, ते छातीठोकपणे सांगता येत नाही. डोंगरावरचं होतं आणि हिवाळ्यात तिथं दंव गोठायचं, एवढं आठवतं. निदान तसं वाटतं. तिथल्या एका बंगल्याच्या बागेत शिदबा माळी आणि त्याची चिमुरडी लेक हौसा राहायचे. एक खोली, दोघांत एक घोंगडी.

पौष उजाडला आणि बाग उघडीबोडकी झाली. बंगल्याच्या बाई शाल लपेटत म्हणाल्या, "शिदबा, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांना काय काटक्या दाखवू? तोवर बाग फुलली नाही, तर खोली सोडायची."

"बाईसाहेब, थंडीत मोगरा कसा फुलंल?"

"ते मला सांगू नकोस."

संक्रांतीच्या आदल्या पहाटे हौसा बागेत गेली. मोगऱ्याच्या गारठलेल्या काड्या बघून तिला राहवेना. अंगावरची घोंगडी काढून तिनं झुडपाभोवती गुंडाळली. तोच इवलीशी घुंगरं किणकिणली. फांदीवर बोटाएवढी परी! निळसर पंखुल्या, केसांत दंवाचे लुकलुकते मणी.

"मी दंवपरी. एक इच्छा माग. पण नियम ऐक हं! झोपलेलं झाड उठवलंस, तर उद्या फुलेल ते, पण पुन्हा कधीच नाही."

'मोगरा' हा शब्द हौसाच्या ओठांवर आला. तेवढ्यानं खोली वाचली असती. पण तिन्हीसांजेनंतर बाबा कधी फूल तोडत नसत. "झाड निजलंय, हात लावू नगं," म्हणत. मग हिवाळा म्हणजे मोगऱ्याची लांबच लांब रात्रच की!

"नको गं," हौसा कुजबुजली. तिचे डोळे भरले होते. "निजू दे त्याला. थंडी आवडणारं कुणी असलं, तर त्याला बोलाव आमच्याकडं."

परी खुदकन हसली. "अगं वेडे, त्यांना आजवर कुणी बोलावलंच नव्हतं!"

आणि बाग हळूहळू उजळली. पिवळीधमक शेवंती, जांभळी कोरांटी, बुचाची पांढरी, लांब देठांची सुवासिक फुलं. कुंपणावर तर केशरी फुलांच्या झुंबरांनी लगडलेली वेल! पहिला किरण आला आणि परी त्या सोनेरी उजेडात विरघळून गेली.

"अगंबाई!" बाई दारातच थबकल्या. "शिदबा, एवढं सगळं कुठं लपवलं होतंस? खोली तुझीच रे बाबा. आणि ही पोर कुडकुडतेय कशी? जा गं, आतून माझी रजई घे."

कितीतरी वर्षांनी, हौसा मोठी झाल्यावर, तिनं जाणत्या माणसांना विचारून खात्री करून घेतली. त्या वेलीला संक्रांतवेल म्हणतात आणि ती थंडीतच फुलते. मात्र हौसाच्या कुंपणावर येण्याआधी त्या डोंगरावर ती कुणीच पाहिली नव्हती.