शिंजीरबाईच्या पिलाचा श्वास

दसऱ्याची सकाळ होती. देवळापाशी तगरीचे झाड होते. झाडावर शिंजीरबाईचे घरटे होते. शिंजीरबाई अंगठ्याएवढी. तिचे पिलू त्याहून लहान.

पूजेसाठी हणमंतरावांचा नवा टेंपो आला. पुढे झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. धडधड धडधड! काळा धूर निघाला. थेट घरट्यात शिरला. खुक् खुक्! पिलाला श्वास पुरेना.

शिंजीरबाई उडाली. भुर्र भुर्र!

"धूरदादा, धूरदादा, दूर जा. पिलाला श्वास पुरेना."

धूर म्हणाला, "इंजिन थांबेल, तर मी जाईन."

भुर्र भुर्र!

"इंजिनदादा, इंजिनदादा, थांब. धूर जाईना, पिलाला श्वास पुरेना."

इंजिन म्हणाले, "किल्ली फिरेल, तर मी थांबेन."

भुर्र भुर्र!

"किल्लीताई, किल्लीताई, फिर. इंजिन थांबेना, धूर जाईना, पिलाला श्वास पुरेना."

किल्ली म्हणाली, "हणमंतराव फिरवतील, तर मी फिरेन."

भुर्र भुर्र!

"हणमंतराव, हणमंतराव, ऐका. किल्ली फिरेना, इंजिन थांबेना, धूर जाईना, पिलाला श्वास पुरेना."

हणमंतराव म्हणाले, "अगं बये! पूजेत गाडी बंद केली, तर वर्षभर बंद पडेल. गुरुजी थांबतील, तर मी ऐकेन."

भुर्र भुर्र!

"गुरुजी, गुरुजी, थांबा. हणमंतराव ऐकेनात, किल्ली फिरेना, इंजिन थांबेना, धूर जाईना, पिलाला श्वास पुरेना."

गुरुजी म्हणाले, "आरती मध्येच सोडू नये. घंटा थांबेल, तर मी थांबेन."

घंटा वाजवत होती ओवी, हणमंतरावांची लेक. टण टण! खुक् खुक्! टण टण!

भुर्र भुर्र!

"ओवीताई, ओवीताई, घंटा थांबव. गुरुजी थांबेनात, हणमंतराव ऐकेनात, किल्ली फिरेना, इंजिन थांबेना, धूर जाईना, पिलाला श्वास पुरेना."

ओवी म्हणाली, "मलाही पुरेना गं."

तिने दोरी सोडली.

घंटा थांबली. गुरुजी थांबले. त्यांनी वळून पाहिले. ओवीचे डोळे लाल झाले होते. खुक् खुक्!

"हणमंतराव, गाडी बंद करा."

"गुरुजी, अपशकुन होईल!"

"लेकरू गुदमरते आहे. याहून मोठा अपशकुन कोणता? श्वास देवाने दिला. तो कोंडून देवाचीच आरती करता?"

हणमंतरावांनी मान खाली घातली. हणमंतरावांनी ऐकले. किल्ली फिरली. इंजिन थांबले. धूर गेला. पिलाला श्वास पुरला.

मग आरती झाली. प्रसाद झाला. हणमंतरावांनी टेंपो सुरू केला नाही. सर्वांनी मिळून तो ढकलला. हेइसा! हेइसा! पार मोठ्या रस्त्यापर्यंत नेला.

इकडे शिंजीरबाईने पिलाला घास दिला. पिलाने तो न खोकता गिळला.