हौसाक्कानं काजळ्याचा कान पाहिला

कोळगिरीला अजून वेसही बांधली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. तिथल्या माळावर हौसाक्का नावाची एक धनगरीण राहत होती. कुत्र्याचा कान दुखला की लोक तिच्याकडे यायचे, पण येण्याआधी घरचे सगळे उद्योग करून झालेले असायचे. कुणी कानात तंबाखूचं पाणी ओतलेलं, कुणी राख कोंबलेली. हौसाक्का कपाळावर हात मारून घ्यायची. "आरं, कान हाय का चूल? दिसंल ते घालताय!" कुत्रं तळ्यातनं निघालं की कान कोरडे करा, माळावरनं आलं की आत कुसळ गेलंय का बघा, हे तिनं ज्याला त्याला सांगितलं. पण ऐकतो कोण? ती वैतागून बोलायला लागली की बाभळीवरचे होले उडून जायचे, असं म्हणतात.

एका साली बिरू मेंढक्याचा काजळ्या कुत्रा बिघडला. मान वाकडी करून गोल गोल फिरायला लागला. बिरूनं कानाला हात लावला, तर धन्यालाच चावला. "पिसाळलं! पिसाळलं!" हाळी उठली आणि माणसं काठ्या घेऊन धावली. काजळ्या देवळामागच्या भिंतीशी कोंडला गेला.

हौसाक्का भाकरी थापत होती. पिठाच्या हातानं ती तशीच पळत गेली आणि कुत्रं नि काठ्या यांच्या मधे उभी राहिली.

"आक्के, सर बाजूला, चावंल!" बिरू ओरडला.

"चावंल न्हाई तर काय करंल? कानात काय घातलंस?"

बिरू खाली बघत पुटपुटला, "त्याल. जरा कढत."

"जरा कढत! तुझ्या कानात ओतू का जरा कढत?" हौसाक्काचा आवाज फाटला आणि डोळ्यांत पाणी आलं. "किती सांगू रं तुमास्नी? दमले मी."

काठ्यांकडे पाठ करून ती मटकन खाली बसली. काजळ्यानं तिचा हात दातांत धरला. तिनं तो ओढला नाही. ती बिरूलाच शिव्या देत राहिली, पण अंगाई म्हणावी तशा हळू आवाजात. त्या ऐकता ऐकता कुत्र्याचा जबडा सैल पडला आणि त्यानं तिच्या मांडीवर डोकं टेकलं. तिनं कान उलटला आणि चिमटीत कुसळ धरून ओढलं. ते हातभर निघालं, असं म्हणतात. त्यापाठोपाठ भळकन पू वाहिला. लोकांच्या काठ्या खाली आल्या.

काजळ्या बरा झाला. पुढं त्याला डोंगरापल्याडच्या लांडग्याचं पाऊल ऐकू यायचं, आणि बिरूच्या कळपातलं एक कोकरूही कधी गेलं नाही, असं म्हणतात. हौसाक्का वारली, तेव्हा आसपासच्या वाड्यांवरची कुत्री येऊन माळावर बसली आणि त्यातलं एकही भुंकलं नाही.

आजही कोळगिरीत चंपाषष्ठीला कुत्र्यांना भाकरी घालण्याआधी घरोघरी त्यांचे कान उलटून हुंगतात, कोरड्या फडक्यानं पुसतात. ज्याच्या कुत्र्याच्या कानाला वास येतो, त्याला गावातली सगळ्यात थोरली बाई हौसाक्काच्या नावानं भर चौकात झापते. गडी कितीही मोठा असो, त्यानं मान खाली घालून सगळं ऐकायचं. मगच त्याच्या कपाळाला भंडारा लागतो.