म्हातारपणाच्या मापाचं घर

एका गावात एक भोळा गडी होता. गाव आमचंच, पण नाव सांगत नाही. आधीच आमच्या पोरांच्या सोयरिकी जुळायला त्रास होतो. गड्याचं नाव गेनबा. अंगाने ताडमाड, मनाने लोणी, आणि सांगितलेलं काम करण्यात एक नंबर. जपून बोलायचं ते सांगणाऱ्याने.

त्याची बायको हौसाबाई अंगाने बुटकी आणि जिभेने तिखट. पन्नाशी उलटली आणि तिचे गुडघे कुरकुरायला लागले. एकुलती लेक कराडला दिलेली. जुनं मोडकं घर पाडून त्याच जागेवर नवं बांधायचं ठरलं, तेव्हा हौसाबाईने नवऱ्याला आणि शिदू गवंड्याला समोर बसवलं.

"मला माडी नगं, नक्षी नगं," ती म्हणाली. "उद्या थकल्यावर कुणाच्या हाताला न धरता मला माझ्या न्हाणीत जाता आलं पायजे. एवढं एकच मागणं हाय. म्हातारपणाला सोसंल असं घर बांधा."

"बांधतो की," गेनबा म्हणाला.

"मालक म्हणतील तसं," शिदू गवंडी म्हणाला. शिदू जन्मभर एवढंच म्हणत आला होता. त्यामुळे त्याला कधी कुणी बोल लावला नाही, आणि त्याने बांधलेल्या घरात कुणी फार दिवस टिकलंही नाही.

भिंती उठल्या, कौलं चढली. शिदूने दाराला रीतीप्रमाणे चांगला जाड उंबरा बसवला. हौसाबाई घर बघायला आली, ती उंबऱ्याला ठेचकाळून थेट भिंतीतल्या देवळीपाशी जाऊन थांबली.

"म्हातारपणी हितंच पडून मांडीचं हाड मोडायचं माझं!" ती ओरडली. "अवं, अडतं ते काढून टाकायचं असतं!"

गेनबाने कपाळावर हात मारला. "चुकलं माझं. देवानं डोकं दिलं ते टोपी ठेवायला. आता पक्कं ध्यानात ठेवतो. अडतं ते काढून टाकायचं."

त्याने उंबरा काढला. चांगलं केलं. मग सिमेंटचं पोतं खांद्यावर घेऊन घरात जाताना त्याचा अंगठा पायरीला अडला. त्याने पोतं खाली ठेवलं आणि पायऱ्या काढून टाकल्या.

हौसाबाई बाजार करून आली. डोक्यावर पाटी, आणि समोर छातीएवढं जोतं.

"अवं, पायऱ्या कुटं गेल्या?"

"अडत व्हत्या."

"मग आत जायचं कसं? चिमणीवानी उडून?" हौसाबाईने पाटी खाली आदळली. "चालायला तरास होतो तिथं उतार करायचा असतो! म्हातारं मानूस पाय घासत घासत चढतंय."

"चुकलं माझं. देवानं डोकं दिलं ते टोपी ठेवायला. आता पक्कं ध्यानात ठेवतो. तरास होतो तिथं उतार."

शिदूने दारापुढे लांब उतार केला. तोही चांगला झाला. हौसाबाई खूश झाली आणि सैपाकघरात चूल मांडून तिथेच रांधायला लागली. एका सकाळी कंबर धरून ती सहज म्हणाली, "ह्या सैपाकघरात हिंडायला लई तरास होतो बाई."

गेनबाने कान टवकारले.

ती पाणी भरून येईपर्यंत सैपाकघराची जमीन खणून चुलीपासून दारापर्यंत झकास उतार झाला होता. वर गुळगुळीत शहाबादी फरशी. हौसाबाई आपल्या तंद्रीत भाकरी थापायला बसली. थापता थापता काठवटीसकट दाराकडे निघाली. पिठाचा डबा तिच्या आधी पोचला. तवा मागून आला. शेवटी ती दारात येऊन टेकली तेव्हा हातातली भाकरी मात्र अगदी गोल झाली होती, हे गेनबाने कौतुकाने सांगितलं.

"भाकरी घाला चुलीत!" हौसाबाई म्हणाली. "आधी ही जमीन सरळ करा. आन् मानूस घसरंल तिथं धराया लोखंडी कडी बसवायची असती, एवढं तरी कळतंय का?"

"चुकलं माझं. देवानं डोकं दिलं ते..."

"टोपी ठेवायला. ठावं हाय मला."

जमीन सरळ झाली. गेनबाने लोहाराकडून दणकट कड्या करून आणल्या आणि माणूस कुठे घसरतो याचा विचार करत तो घरभर फिरला. विचार करायची त्याला सवय नव्हती, म्हणून वेळ लागला. संध्याकाळी कड्या बसवून झाल्या. हौसाबाई न्हाणीत गेली. भिंती चाचपल्या. बाहेर आली.

"कड्या कुटं हायत?"

"वर."

"वर म्हंजी?"

"कौलावर. काल फुटकं कौल बदलताना मी तिथनंच घसरलो की."

हौसाबाई खाली बसली. तिला रडू आलं. गुडघे दुखतात म्हणून घर बांधायला घेतलं, आणि घर बांधून बांधून गुडघे पार गेले.

"म्हातारपणी मी कौलावर जाऊन काय करू? कावळं हाकू?" ती म्हणाली. "अवं, जो वापरणार त्याला बघून करायचं असतं! त्याचं माप घ्यावं, त्याला काय जमतं, काय जमत न्हाई ते इचारावं. आता मी चालले लेकीच्या बाळंतपणाला. येईस्तोवर समदं त्या मापानं झालेलं दिसलं पायजे."

"आता पक्कं ध्यानात ठेवतो," गेनबा म्हणाला. "जो वापरणार त्याचं माप."

एसटी गेली. गेनबा सुतळी घेऊन नव्या घरात उभा राहिला. आधी स्वतःचं माप घ्यायला हात वर केला आणि थांबला. घर म्हातारपणासाठी. आपण अजून म्हातारे नाही, हौसाही नाही. मग आपलं माप काय उपयोगाचं? एवढी बारीक गोष्ट आपल्या ध्यानात आली याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. टोपी काढून त्याने डोकं चाचपलं. तेच होतं.

गावातला सगळ्यात म्हातारा माणूस म्हणजे रावजीआबा. कंबरेत वाकून काटकोन झालेला. पोरांनी दोन मजली बंगला बांधला आणि आबाची खाट गोठ्यालगत टाकली. गेनबा तिथे गेला आणि म्हणाला, "आबा, जरा हुबं ऱ्हावा. माप घ्यायचंय."

"आलास का?" आबा म्हणाला. "तिरडीचं व्हय?"

"न्हाई, घराचं."

मान वळवून आबाने खालूनच गेनबाकडे पाहिलं.

"खाट किती उंच पायजे?"

"पाय भुईला टेकावं एवढी."

"कडी कुठल्या बाजूला?"

"डाव्या. उजवा हात धरवत न्हाई."

"आनि काय पायजे?"

गेल्या कैक वर्षांत हा प्रश्न आबाला कुणी विचारला नव्हता. म्हशीला विचारायचे, पेंड पाहिजे का. मग त्याने डोळे पुसले आणि सगळं सांगितलं. खिडकी खाटेच्या उंचीला, म्हणजे पडल्या पडल्या रस्ता दिसतो. न्हाणीत बसायला दगड. तपकिरीच्या डबीला हाताशी कोनाडा. गेनबा एकेक गोष्टीला सुतळीला गाठ मारत गेला.

शिदू म्हणाला, "मालक म्हणतील तसं." दाराची उंच चौकट काढून त्याने वाकलेल्या आबाच्या मापाची बुटकी चौकट बसवली. वरची मोकळी जागा एका लांब दगडाने आणि बारीकसारीक धोंड्यांनी भरून काढली. जन्मात पहिल्यांदाच तो आपणहून बोलला, "मालक, ह्या दगडाला कुनी हात लावायचा न्हाई. समदा भार ह्याच्यावर हाय."

"हात लावनार न्हाई," गेनबाने शब्द दिला.

वास्तुशांतीच्या दिवशी हौसाबाई परत आली. अंगणात गाव जमलेलं. दार बघून तिच्या कपाळाला आठी पडली, पण ती मुळातच बुटकी, जरा वाकून आत गेली. हात टेकायला गेली तर कडी हाताशी. न्हाणीत गेली, दगडावर बसली, कडी धरली आणि उठली. 'आई गं' म्हणायला तोंड उघडलं होतं, पण म्हणायची गरजच पडली नाही. तिचे डोळे भरून आले. आपला नवरा वाटतो तेवढा खुळा नाही, असं तिला लग्नानंतर पहिल्यांदा वाटलं.

मग ती माजघरात आली. खाटेवर रावजीआबा बसला होता. कोनाड्यात तपकिरीची डबी, उशाला गाठोडं.

"ये सूनबाई," आबा म्हणाला. "चपला भाईर काढल्यास न्हवं?"

"तुमी हितं कसं, आबा?"

"घर माझ्या मापाचं. मग ऱ्हानार कोन?"

अंगणातलं गाव खो खो हसायला लागलं. आबाचे पोरगे सगळ्यात मोठ्याने हसले, आणि हौसाबाईला ते बिलकूल आवडलं नाही. आबाला परत गोठ्यात धाडायला तिची जीभ रेटेना. "असू द्या आबा," ती म्हणाली, "खोल्या हायत."

एवढ्यात गेनबा कौतुक ऐकायला आत यायला निघाला आणि चौकटीवर त्याचा कपाळमोक्ष झाला. उठून पुन्हा आला. पुन्हा झाला. राग कुणावर तरी काढायचाच होता, तो हौसाबाईने त्याच्यावर काढला.

"म्हाताऱ्यांसाठी घर बांधलंय न्हवं? मग म्हातारं झाल्याबिगर आत यायचं न्हाई! बसा तवर भाईर!"

"बरोबर हाय," गेनबा म्हणाला आणि अंगणातल्या जांभळीखाली बसला.

येणारेजाणारे विचारायचे, "काय गेनबा, काय चाललंय?"

"म्हातारा व्हतोय," तो सांगायचा. "झालो की जानार आत."

रोज सकाळी तो उतार चढून जायचा आणि दाराची कडी वाजवायचा. "हौसा, झालो का बघ गं."

"अजून न्हाई," ती आतून म्हणायची.

"अजून न्हाई रं," आबाही म्हणायचा. त्याला अनुभव होता.

ताट बाहेर यायचं, घोंगडं बाहेर यायचं. हौसाबाईचा राग दोन दिवसांत उतरला होता. पण उतरलेला राग सांगायचा कसा, हे तिला कधीच जमलं नव्हतं. एक दिवस सकाळी कडी वाजली ती शिंकेबरोबर. तिने दार उघडलं. गेनबा दाराशी बसलेला. दाढी वाढलेली, आणि ती सगळी पांढरी. नाक लाल. बाहेर बसून बसून माणूस खरंच थकला होता.

"झालात वो," ती म्हणाली. "झालात म्हातारं. या आत."

गेनबाला एवढा आनंद झाला की तो नवरदेवासारखा ताठ उभा राहिला आणि तसाच आत निघाला.

खाड्!

कपाळ चोळत तो दाराकडे बघत राहिला.

"अरं, वाक की!" आबा आतून म्हणाला.

पण वाकायचं त्याला आजवर कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं होतं ते त्याने आठवून पाहिलं. अगदी पहिला धडा आठवला आणि त्याचा चेहरा उजळला. अडतं ते काढून टाकायचं.

तो कुदळ घेऊन आला.

"अवं, थांबा!" हौसाबाई त्याला आवरायला बाहेर धावली. आबा गंमत बघायला तिच्या मागून बाहेर आला. तेवढ्यात गेनबाने त्या लांब दगडाखाली कुदळ घातली आणि जोर लावला.

आधी दगड आला. मग भिंत आली. मग कौलं आली, आणि कौलांवरच्या कड्या उतारावरून खळखळत जांभळीपर्यंत आल्या. धुरळा बसला तेव्हा न्हाणीतला दगड तेवढा जागेवर होता.

"त्या दगडाला हात लावायचा न्हाई म्हनून शिदूनं समद्यांना सांगितलं व्हतं ना?" हौसाबाई ओरडली.

"हात कुटं लावला? कुदळ लावली," गेनबा म्हणाला. मग त्याने समोर पाहिलं, टोपीवरची माती झटकली आणि ती पुन्हा डोक्यावर नीट बसवली.

आता तिघंही जांभळीखाली बसतात. हौसाबाई कुणाच्या हाताला न धरता न्हाणीत जाते. मधे उंबरा नाही, पायरी नाही, दार नाही, भिंत नाही. कुणाला काहीसुद्धा अडत नाही.